लोणारची मोजदाद

जैवविविधता हा शब्द सभेत उच्चारला की श्रोत्यांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्या जिल्ह्यात एकंदर जाती किती? प्रश्न सरळ आहे. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि तो मिळाला म्हणजे त्याचे समाधान होते. आमचाही अनुभव असा की, आकडा सांगितला की सभा प्रसन्न होते आणि 'तो कसा काढला?' हे कोणी विचारीत नाही. आज आम्ही ते उलट करणार आहोत. आकडा शेवटी येईल तेव्हा येवो. तो काढण्याची रीत कशी घडत गेली हे आपण आधी पाहू. त्यासाठी दूर जावयास नको. मेहकरच्या पलीकडे, आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. त्या एका खळग्यात गेल्या चारशे वर्षांत जितक्या परींनी मोजदाद झाली तितकी वऱ्हाडात दुसऱ्या कोणत्याही जागेची झाली नसेल.

पहिली मोजदाद सजीवांची नव्हती, खाराची होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइने-अकबरी' लिहिली, तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. ब्राह्मण ह्या स्थळाला विष्णुगया म्हणतात हे तो सांगतो आणि लागलीच काच व साबण करण्यास लागणारा माल येथे निघतो, त्यापासून उत्पन्न होते, हेही सांगतो. बादशहाच्या कारभाऱ्याने सरोवराकडे महसुलाच्या नजरेने पाहावे यात नवल नाही. परंतु त्याच्याही आधीपासून एक बारीक नजर तेथे काम करीत होती. ती खार काढणाऱ्या माणसांची. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काठच्या चिखलावर क्षार धरतो. बाहेरच्या माणसाला ते सगळे पांढरेच दिसते. खार काढणाऱ्याला त्यात दल्ला वेगळा, खुप्पल वेगळी, पापडी वेगळी आणि भुसकी वेगळी दिसे. नावांतच पोत आहे: पापडी म्हटली की पापुद्रा डोळ्यांसमोर येतो, भुसकी म्हटली की भुसभुशीतपणा बोटांना कळतो. प्रत्येकीचा उपयोग निराळा व भाव निराळा. इंग्रजी अमदानीत गॅझेटिअरे झाली तेव्हा साहेबांनी हीच नावे उतरवून घेतली आणि रसायनशाळेत पृथक्करण केल्यावर ह्या नावांमागे खरोखरच सोडा व मीठ यांची वेगवेगळी प्रमाणे आहेत असे दिसले. वर्गीकरण म्हणजे ग्रंथातील गोष्ट अशी आपली समजूत असते. येथे ते घमेल्यात होते. भेद ओळखल्यावाचून मोजता येत नाही, ही मोजणीच्या शास्त्रातील पहिली पायरी लोणारच्या खारवाल्यांनी कोणाकडून शिकल्याचे ऐकिवात नाही.

1823 साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी लोणारला आला व तेव्हापासून युरोपीय कागदपत्रांत ह्या सरोवराची ये-जा सुरू झाली. त्यानंतरच्या वर्णनांपैकी एक आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यात म्हटले आहे की, खळग्याच्या आत झाडांची कडी आहेत: बाहेरून आत येताना प्रथम शिंदीचे कडे, मग चिंचेचे, मग बाभळीचे आणि त्याच्या आत उघड्या चिखलाचा पट्टा. आज ज्याला परिसंस्थांचे पट्टे म्हणतात ते हेच. लिहिणाऱ्याच्या मनात असे काही शास्त्र नसेल. त्याने डोळ्यांना दिसले ते क्रमाने लिहिले. पण त्याच वर्णनात चिंचेच्या कड्याची रुंदी जवळजवळ एक मैल दिली आहे! आता हे पाहा. काठापासून काठापर्यंत सबंध खळग्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, म्हणजे मैलाहून थोडासाच अधिक. मधले पाणी साधारण 1.2 किलोमीटर. उरलेल्या जागेत, दोन्ही बाजूंना मिळून, फार तर सहाशे मीटर येतात. तेथे मैलभर रुंदीचे चिंचेचे कडे बसवायचे तर चिंचा पाण्यात लावाव्या लागतील. तरीही हा मैल पुस्तकांतून पुस्तकांत, आणि अलीकडे आणखी पुष्कळ ठिकाणी, जसाच्या तसा उतरत आलेला आहे. क्रम बरोबर आणि आकडा चुकलेला अशी ही जोडी आहे. ज्याने पाहिले त्याने नीट पाहिले. ज्यांनी उतरवले त्यांनी दोरी घेऊन कोणी मोजले काय, हे विचारले नाही.

खळगा कसा झाला ह्याची कथा येथे थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. लवणासुराचा विष्णूने वध केला ही पुराणकथा; दैत्यसूदनाचे देखणे देऊळ तिची साक्ष म्हणून गावात उभे आहे. एकोणिसाव्या शतकातील भूगर्भशास्त्रज्ञांनी हे ज्वालामुखीचे मुख ठरवले. 1973 साली अमेरिकी व भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून, खडकात आघाताने झालेली काच दाखवून, उल्कापाताचा निर्णय दिला. वयाविषयी मात्र एकमत नाही: एका पद्धतीने सुमारे 52,000 वर्षे निघतात, तर 2011 सालच्या दुसऱ्या एका मापनाने 5,70,000. दगडाच्या बाबतीतही रीत बदलली की आकडा दहापट होतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता वनस्पतींकडे वळू. हिंदुस्थानातील वनस्पतींची थोरली यादी हूकरने 1872 ते 1897 या काळात सात खंडांत पुरी केली. मुंबई इलाख्याची यादी कुकने 1901 ते 1908 मध्ये केली. पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलेला आणि 1903 पासून मध्यप्रांताला जोडलेला हा मुलूख असल्यामुळे कुकच्या पुस्तकाची वेस आमच्या अलीकडेच संपली. झाडाला इलाखा कळत नाही, यादीला कळतो. बुलढाणा जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केली ती 2000 साली. म्हणजे सरोवरातील खारांची यादी गॅझेटिअरात छापली गेल्यानंतर कित्येक दशकांनी त्याच्या काठच्या झाडांची पुरी यादी झाली. महसूल ज्याचा, मोजणी त्याची आधी, हा क्रम काही केवळ अकबराच्या काळचा नव्हे.

नावांचा एक घोळ येथेच सांगितला पाहिजे, कारण श्रोते नेहमी विचारतात की, गावरान नावे असताना लॅटिन नावे हवीत कशाला? कारण उघड आहे: गावागणिक नाव बदलते. आपली देशी बाभूळ आणि मेक्सिकोकडून आलेली वेडी बाभूळ या दोघींना 'बाभूळ' म्हणून एकाच रकान्यात घातले तर लोणारच्या आतल्या कड्यात काय चालले आहे ते कधीच समजणार नाही. एक तेथली जुनी रहिवासी आहे आणि दुसरी तिला हुसकावणारी. तेव्हा लॅटिन नाव हवेच. पण ते अढळ असते असे मात्र कोणी समजू नये. आम्ही शाळेत असताना बाभूळ 'अकेशिया' होती. 2005 साली व्हिएन्नात आणि 2011 साली मेलबर्नमध्ये जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातील झाडांकडे राहू द्यावे असे ठरवले आणि आपली बाभूळ 'व्हॅचेलिया' झाली. वेड्या बाभळीचेही नाव अलीकडे बदलले आहे. शेताच्या धुऱ्यावरील बाभळीला ह्याची गंधवार्ताही नाही आणि ढेपेचे भाव वाढले की तिच्या शेंगा शेळीला घालणाऱ्या माणसाला तर नाहीच नाही.

जाती ओळखल्या, नावे लागली. आता वैविध्य मोजावयाचे. येथे नुसती जातींची संख्या पुरत नाही, हे एका उदाहरणाने दाखवतो. दोन वनखंड घ्या. दोन्हींत शंभर शंभर झाडे आणि पाच पाच जाती. पहिल्यात 96 साग आणि चार जातींचे एकेक झाड. दुसऱ्यात पाचही जातींची वीस वीस झाडे. जाती मोजल्या तर दोन्ही सारखे. पण रानात शिरलेल्या माणसाला पहिले सागाचेच रान वाटेल. ही जाणीव आकड्यात कशी आणावी? एडवर्ड सिम्प्सन ह्या इंग्रज गणितज्ञाने 1949 साली एक साधी युक्ती सुचवली. डोळे मिटून रानातले एक झाड निवडावे, मग पुन्हा तसेच दुसरे निवडावे. दोन्ही निराळ्या जातींची निघण्याचा संभव किती? पहिल्या रानात तो शंभरात सुमारे 8 येतो, दुसऱ्यात 80. झाले, डोळ्यांना जे दिसले ते आकड्यात आले. हा सिम्प्सन महायुद्धाच्या काळात ब्लेचली पार्क येथे शत्रूची सांकेतिक लिपी उलगडण्याच्या कामावर होता. मजकुरात कोणती खूण किती वेळा पुन्हा येते हे पाहणाऱ्या माणसाला रानातील पुनरावृत्ती मोजावीशी वाटावी, हे समजण्यासारखे आहे. त्याच्या वर्षभर आधी अमेरिकेत क्लॉड शॅननने तारायंत्र-टेलिफोनच्या संदेशांसाठी काढलेले सूत्रही जीवशास्त्रज्ञांनी असेच उसने घेतले. आज पाखरे मोजणारे जी सूत्रे वापरतात ती मूळची संदेशांच्या हिशोबाची आहेत.

परंतु लोणारला ह्या सूत्रांनीही पूर्ण न्याय मिळत नाही. एकेक कडे वेगळे घेतले तर त्यात विशेष काही नाही. सागाचे पानझडी रान आपल्याकडे इतरत्र आहे, बाभूळवन आहे, चिंचा तर कोठे नाहीत? चॅम्पियनने 1936 साली हिंदुस्थानातील वनांचे प्रकार लावले आणि 1968 मध्ये सेठ यांच्यासह ते सुधारले. त्या मांडणीत आपले बहुतेक रान दक्षिणेकडील शुष्क पानझडी वनात जाऊन बसते, आणि असे वन दख्खनभर पसरलेले आहे. लोणारचे वेगळेपण पायऱ्या उतरताना कळते. काठावर गोड पाण्याची धार आहे, तेथे हिरवी ओल. चार पावले खाली साग. मग दाट सावलीची झाडे, मग बाभूळ, मग कोरडा पांढरा चिखल आणि मग असे पाणी की त्यात चिमूटभर हळद टाकली तर ती कुंकवासारखी लाल होते. सगळी उतरण सुमारे दीडशे मीटरची. रॉबर्ट व्हिटकर ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1960 साली एका जागेतील वैविध्य निराळे आणि एका जागेकडून दुसरीकडे जाताना होणारा जातींचा पालट निराळा, असा भेद करून दाखवला. लोणारची श्रीमंती ह्या पालटात आहे. कड्यांची यादी करणाऱ्या त्या जुन्या लेखकाला, मैल चुकला तरी, ती बरोबर दिसली होती.

प्राण्यांच्या याद्या त्यामानाने अलीकडच्या. 2000 साली लोणार अभयारण्य झाले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील ही दुसरी जागा. त्या वेळच्या नोंदीत 160 जातींचे पक्षी, 46 सरपटणारे प्राणी आणि 12 सस्तन प्राणी दिले आहेत. लांडगा त्यात आहे. हा तो आकडा, ज्यासाठी काही श्रोते मघापासून थांबले असतील. पण 160 पक्षी म्हणजे एका सकाळी दिसणारे 160 नव्हेत. अशी यादी वर्षानुवर्षे साठत जाते. हिवाळी पाहुणे, एकदाच वाट चुकून आलेले, सगळे तीत असतात; आणि ती वाढते, कमी सहसा होत नाही, कारण नाव घालणे सोपे आणि काढणे कठीण.

ह्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानातला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण वाघ चालू लागला. महाराष्ट्र व तेलंगणातील शेतांतून, नाल्यांतून, सुमारे 1,300 किलोमीटर फिरून तो वर्षअखेर आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हटले. त्या दिवशी ज्ञानगंगेच्या यादीत एक जात वाढली. पण तेथे वाघीण नव्हती. एक नर म्हणजे यादीत एक ओळ, वंश नव्हे. जातींची नावे मोजणे आणि जाती टिकतील की नाही हे मोजणे यांत किती अंतर आहे, ते त्या एकट्या जनावराने तेराशे किलोमीटर चालून दाखवले, असे आम्हांस वाटते.

आता पाण्याकडे येऊ. इतका वेळ आम्ही काठावरच फिरत होतो आणि आजवरचे बहुतेक मोजणारेही तसेच काठावर फिरले. पाणी इतके खारे व दाहक की त्यात मासोळीचा संसार चालत नसे. साहजिकच पुष्कळांनी 'येथे काही जगत नाही' असे लिहिले. वास्तविक ते पाणी हिरवेगार दिसते तेच मुळी सजीवांमुळे. स्पायरुलिनासारखी सूक्ष्म नीलहरित शेवाळे त्यात माजतात. आणि जून 2020 मध्ये ते पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा सगळ्या देशाची नजर तिकडे गेली. कोणी अशुभ म्हटले, कोणी रसायन म्हटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याची तपासणी झाली आणि उत्तर निघाले ते असे: पाणी घटून क्षार वाढला, तशी क्षारप्रिय आर्किया बेसुमार वाढली आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगले.

ही आर्किया म्हणजे जंतूंचाच एक प्रकार असे कोणी समजेल, तर 1977 पर्यंत शास्त्रज्ञही तसेच समजत. त्या साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रेणूंची तुलना करून दाखवले की हे जंतूंहून तितकेच भिन्न आहेत जितके आपण जंतूंहून भिन्न आहोत. सजीवसृष्टीची एक सबंध शाखा, आणि ती ओळखीची होऊन अर्धशतकही जेमतेम होते. लोणारच्या पाण्यात ती अबुल फजलच्या आधीपासून आहे. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी ह्याच सरोवरातून जंतूंच्या नव्या जाती शोधल्या. 2010 साली एकीला भारताच्या नावावरून 'इंडिबॅक्टर' म्हटले, आणि 2012 साली दुसरीला 'सेसेम्बिया लोणारेन्सिस'. ह्यातील सेसेम्बिया हे त्या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांचे लॅटिन रूप आहे. वाघ, लांडगा, साग ह्यांपैकी कोणाच्याही शास्त्रीय नावात लोणार नाही. ते एका जंतूच्या नावात आहे.

पण जंतूंमध्ये 'जात' म्हणजे काय, हे ठरवणे फार अवघड. वाघाची जात वाघिणीवरून कळते. येथे नरमादीचा प्रश्नच नाही. म्हणून शास्त्रज्ञ एका ठराविक रेणूचे साम्य पाहतात. पूर्वी शेकडा 97 हून कमी साम्य असेल तर जात निराळी धरीत. पुढे ती रेषा शेकडा 98.7 च्या आसपास नेली गेली. रेषा सरकली की जातींची संख्या बदलते. सरोवरात मात्र काहीच बदललेले नसते. आरंभी विचारलेल्या 'किती जाती?' ह्या प्रश्नाचे लोणारच्या पाण्यापुरते उत्तर असे रेषेवर टांगलेले आहे.

मग हिशोब ठेवायचा तो कशाचा? हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने समिती नेमून आपल्या हद्दीतील सजीवांची लोकनोंदवही करावयाची आहे. पुष्कळांनी ती केली नाही; तेव्हा 2019 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि चुकल्यास दरमहा 10 लाख रुपये भरण्याची तंबी दिली. तंबीनंतर नोंदवह्या भराभर झाल्या. घाईत भरलेल्या वहीचे मोल काय, हे आम्ही शिक्षकी पेशातल्या श्रोत्यांना सांगावयास नको. पण वही घाईची नसती तरी लोणारमध्ये एक अडचण उरतेच आणि ती आम्हांस सर्वांत गंभीर वाटते.

समजा, सरोवरात गोडे पाणी वाढू लागले. धारांचे वाढो, पावसाचे वाढो, की गावच्या सांडपाण्याचे; सांडपाण्याची तक्रार तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पूर्वीच गेलेली आहे. पाण्याचा खारेपणा उतरेल. मग मासे जगू लागतील, बेडूक येतील, मासे खाणारे पक्षी येतील, काठाला पाणवनस्पती धरतील. नोंदवहीत नावांची भर पडेल. सिम्प्सनच्या सूत्राने काढले तरी आकडा चढेल. वार्षिक अहवालात 'जैवविविधतेत लक्षणीय वाढ' असे वाक्य येईल आणि ते खोटे नसेल. त्याच वेळी जे इतरत्र नाही, ज्याची सोबत शोधायला पूर्व आफ्रिकेतील नाकुरू, बोगोरिया अशा सोडासरोवरांपर्यंत जावे लागते, ते हळूहळू विरून जाईल. आणि ते यादीत मुळात नसल्यामुळे यादीतून गेलेलेही दिसणार नाही. जगातील परिसंस्थांचे जे वर्गीकरण 2020 पासून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने पुढे आणले आहे, त्यात बारमाही खारी व सोडायुक्त सरोवरे असा स्वतंत्र गट केला आहे, तो ह्याचसाठी. तेथे जाती मोजण्याच्या आधी जागेचा स्वभाव विचारतात: पाणी येते कोठून, जाते कोठे, खारेपणा कशाने टिकतो.

काठावरच्या रानाला गोडी धार हवी, मधल्या पाण्याला तिचा अतिरेक नको. दोन शेजाऱ्यांची गरज अशी परस्परविरुद्ध असताना एकाच आकड्याने दोघांचे क्षेम सांगता येणार नाही. म्हणून आमची सूचना एवढीच की, लोणारच्या नोंदवहीत झाडे, पिके, गुरे, पाखरे यांच्या पानांच्या आधी एक पान पाण्यासाठी असावे: पातळी किती, खारेपणा किती, दाहकता किती आणि तारीख कोणती. हे मोजमाप उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा व्हावे. हळदीची चिमूट त्याला पुरणार नाही. पण त्याला लागणारी साधने गावच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या कपाटात असतात, आणि पायऱ्या उतरून जाण्याला विद्यार्थी मिळतील.